गोरोंगोसाची हद्द: उजाड होऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या एका राष्ट्रीय उद्यानाचा प्रकरण अभ्यास

राष्ट्रीय उद्यान कशासाठी असतं, याची उत्तरं सगळ्यांना तोंडपाठ असतात. जैवविविधता, संशोधन, पर्यटन, पुढच्या पिढ्या. यातलं खोटं काहीच नाही. अडचण एवढीच की उद्यान सुरळीत चालू आहे तोवर यातलं नेमकं काय त्याच्यामुळे मिळतंय आणि काय त्याच्याशिवायही मिळालं असतं, हे कळायला मार्ग नसतो. त्यासाठी एखादं उद्यान बंद पडावं लागतं, उजाड व्हावं लागतं, पुन्हा उभं राहावं लागतं आणि या तिन्ही टप्प्यांच्या नोंदी कुणीतरी ठेवलेल्या असाव्या लागतात. मोझांबिकमधल्या गोरोंगोसाच्या बाबतीत हे सगळं घडलेलं आहे. म्हणून हे प्रकरण.

गोरोंगोसावर लिहिणारे बहुतेक जण हत्ती-सिंहांच्या आकड्यांपासून सुरुवात करतात. मला त्या आकड्यांपेक्षा उद्यानाची हद्द जास्त बोलकी वाटते. इथे जे बिघडलं आणि जे सुधारलं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ हद्दीच्या पलीकडे सापडतं.

रेघ कुणी ओढली

हे उद्यान मध्य मोझांबिकमध्ये, सोफाला प्रांतात आहे. पूर्व आफ्रिकेला उभी चिरत आलेली ग्रेट रिफ्ट व्हॅली दक्षिणेकडे जिथे विझत जाते, तिथे. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती आणि देशाचा हा मधला पट्टा 'मोझांबिक कंपनी' नावाच्या खासगी कंपनीला चालवायला दिलेला होता. या कंपनीने १९२० मध्ये सुमारे १,००० चौरस किलोमीटर जमीन राखीव केली. राखीव कशासाठी, तर कंपनीच्या साहेबांना आणि त्यांच्या पाहुण्यांना शिकार करता यावी म्हणून. १९३५ मध्ये क्षेत्र ३,२०० चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं. १९६० मध्ये पोर्तुगीज सरकारने त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला, तेव्हा ते ५,३०० चौरस किलोमीटर होतं. पुढच्या काही वर्षांत ते कापून साधारण ३,७७० वर आणलं.

या सगळ्या वाढीत आणि कपातीत तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. वस्त्या हलवल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात शिकार करणारा माणूस एका सरकारी कागदाने चोरटा शिकारी ठरला, आणि बंदूक घेऊन आलेला पाहुणा मात्र हौशी शिकारी राहिला. गोरोंगोसाचंच हे वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन जाहीर झालं, तिथेही शोशोनी आणि इतर मूळ रहिवाशांना बाहेर काढूनच 'निर्मनुष्य निसर्ग' तयार केला गेला. जगभरच्या अनेक उद्यानांच्या पायात हा दगड आहे. गोरोंगोसातल्या पुढच्या घडामोडी समजायच्या तर तो विसरून चालत नाही.

सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९४० मध्ये पर्यटकांसाठी पहिला तळ बांधला तो पूरमैदानावर. प्राणी तिथेच दिसतात, मग खोल्या तिथेच असाव्यात, असा सरळ हिशोब. दोनच वर्षांत पावसाळ्यातल्या पुरामुळे तळ सोडून द्यावा लागला. रिकाम्या इमारतींत सिंह राहायला आले. गच्चीवर लोळणारे सिंह आणि आतून डोकावणारे छावे हेच मग उद्यानाचं मोठं आकर्षण ठरलं. त्या जागेचं नाव 'सिंहांचं घर' पडलं. नंतरचा तळ चितेंगो इथे, उंचवट्यावर बांधला आणि तो आजही मुख्यालय आहे. इथे कोण कुठे राहणार हे पाणी ठरवतं, आणि ते पाणी कुठून येतं याचा विचार हद्द आखणाऱ्यांनी केलेला नव्हता.

तो केला केन टिनली या दक्षिण आफ्रिकी परिसंस्थातज्ज्ञाने. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने विमानातून इथली पहिली शिस्तशीर प्राणिगणना केली. सुमारे २,२०० हत्ती, १४,००० रानम्हशी, २०० सिंह, ३,००० झेब्रे, ३,५०० पाणघोडे. आफ्रिकेतल्या सर्वांत दाट वन्यजीवनापैकी एक. पण टिनलीचं खरं काम मोजणीत नव्हतं. एवढी जनावरं या जागी का, हे तो शोधत राहिला, आणि शोध घेत घेत उद्यानाबाहेर पोचला. वायव्येला १,८६३ मीटर उंचीचा एकटाच उभा असलेला गोरोंगोसा डोंगर आहे. समुद्रावरून येणारं बाष्प त्याला अडतं आणि माथ्यावर दरीच्या तळापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. वरचं वर्षावन ते पाणी धरून ठेवतं आणि कोरड्या महिन्यांतही नद्यांत सोडत राहतं. वुंदुझीसारख्या नद्या ते उरेमा सरोवरात आणतात. उरेमा उन्हाळ्यात जेमतेम १० चौरस किलोमीटर उरतं आणि पावसाळ्यात २०० पर्यंत पसरतं. पाणी जसं ओसरत जातं तसतसं मागे कोवळं गवत उगवत जातं. हजारो जनावरं पोसली जातात ती या गवतावर.

थोडक्यात, उद्यानाची टाकी उद्यानाच्या हद्दीबाहेर होती. टिनलीने १९७७ मधल्या आपल्या प्रबंधात स्पष्ट म्हटलं की डोंगर हद्दीत घेतल्याशिवाय उद्यान टिकणार नाही. पण तोवर देश भलत्याच वाटेला लागला होता.

पंधरा वर्षं

१९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला आणि १९७७ पासून यादवी सुरू झाली. एका बाजूला सत्ताधारी फ्रेलिमो, दुसऱ्या बाजूला आधी ऱ्होडेशियाने (आजच्या झिंबाब्वेने) आणि मग दक्षिण आफ्रिकेने पोसलेली रेनामो ही बंडखोर संघटना. रेनामोचा बालेकिल्ला गोरोंगोसा डोंगराच्या परिसरात होता. डिसेंबर १९८१ मध्ये चितेंगोवर हल्ला झाला, कर्मचाऱ्यांना पळवून नेलं गेलं. १९८३ मध्ये उद्यान बंद करून सोडून दिलं. त्यानंतर या रानात लढाया झाल्या, बाँब पडले, सुरुंग पेरले गेले. दोन्ही बाजूंचे सैनिक जनावरं मारून खात होते आणि हस्तिदंत विकून हत्यारं घेत होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये रोम इथे शांतता करार झाला तोवर देशात सुमारे दहा लाख माणसं मेली होती.

प्राण्यांची सर्वांत वाईट वर्षं युद्ध संपल्यावरही सरली नाहीत. बंदुका लोकांच्या हाती होत्या, रस्ते पुन्हा सुरू झाले होते, आणि किनाऱ्यावरच्या बैरा शहराच्या बाजारात मांसाला गिऱ्हाईक होतं. करारानंतरच्या दोन-तीन वर्षांत उरलंसुरलंही गेलं. मोठ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. हत्ती दोनशेच्या आसपास राहिले, रानम्हशी आणि झेब्रे नावापुरते, सिंह हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बिबटे, रानकुत्रे, तरस दिसेनासे झाले.

उद्यान नसतं तर काय होतं, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. जमीन तीच होती, नद्या त्याच होत्या, सरोवर तेच होतं. वनरक्षक, पगार, तपासणी आणि दंड नव्हते. एवढंच नसल्यामुळे पंधरा वर्षांत ही अवस्था झाली.

परत आणण्याचा खटाटोप

१९९४ नंतर आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक आणि इतरांच्या मदतीने थोडी डागडुजी सुरू झाली. मोठा बदल २००४ पासूनचा. ग्रेग कार हा अमेरिकी उद्योजक आपल्या प्रतिष्ठानातर्फे पुढे आला आणि २००८ मध्ये मोझांबिक सरकारशी वीस वर्षं संयुक्तपणे उद्यान चालवण्याचा करार झाला. २०१८ मध्ये तो आणखी पंचवीस वर्षांनी वाढवला. जमीन सरकारची, निर्णय दोघांचे, पैसा मुख्यतः बाहेरचा, अशी ही व्यवस्था आहे.

२००६ मध्ये उद्यानाच्या आतच सुमारे ६० चौरस किलोमीटरचं कुंपण घालून दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानातून पहिल्या रानम्हशी आणल्या. मग विल्डेबीस्ट, हत्ती, पाणघोडे. परक्या रानात आणलेला कळप थेट मोकळा सोडला तर शिकाऱ्यांच्या तावडीत सापडतो किंवा वाट फुटेल तिकडे पांगतो; म्हणून आधी कुंपणात स्थिरावू द्यायचं आणि मग फाटक उघडायचं. २०१८ मध्ये चौदा आफ्रिकी रानकुत्रे आणले. त्यानंतर बिबटे आणि तरसही आणून सोडले.

आणलेल्या जनावरांचे फोटो छापून येतात, त्यामुळे उद्यान 'परत आणलं' असं चित्र तयार होतं. प्रत्यक्षात आजच्या प्राण्यांतला फार मोठा भाग इथेच तगून राहिलेल्यांची संतती आहे. त्यांना संरक्षण मिळालं, चारा आणि पाणी होतंच. बाकी त्यांचं त्यांनी पाहिलं. २०१८ च्या हवाई गणनेत मोठे प्राणी एक लाखाच्या वर भरले.

एक लाख! आनंदाची बातमी, आणि ती तशीच सगळीकडे गेली. पण त्या लाखात निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५७,००० एकट्या वॉटरबक जातीच्या हरणांची भर होती. युद्धाआधी ती साडेतीन हजारांच्या आसपास होती. रानम्हशी, पाणघोडे, झेब्रे असे वाटेकरी नाहीत आणि पाठीशी लागणारे शिकारी प्राणी थोडेच, अशा रिकाम्या घरात एक जात बेसुमार वाढली. गर्दी इतकी झाली की एरवी पाण्याजवळ राहणारं हे जनावर दूरच्या झाडीतही शिरू लागलं. नुसती डोकी मोजली असती तर उद्यान पूर्वीपेक्षा धडधाकट ठरलं असतं.

भीतीची किंमत

याच काळात गोरोंगोसात झालेला एक अभ्यास मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बुशबक हे लाजरं, झाडीत दडून राहणारं हरीण. बिबटे नाहीसे झाल्यावर ते उघड्या पूरमैदानात राजरोस चरायला लागलं. अंगाने पुष्ट झालं, कारण मैदानावरचा चारा जास्त सकस होता. पण त्या चाऱ्यातल्या काही वनस्पतींवर त्याचा भार पडू लागला. संशोधकांनी मग एक साधा प्रयोग केला. मैदानात ध्वनिक्षेपक लावून बिबट्याचा आवाज ऐकवला, शिकारी प्राण्यांची विष्ठा आणि मूत्राचा वास पसरवला. बुशबक मुकाट झाडीकडे सरकली. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष आले. एकही हरीण न मारता, केवळ बिबट्याच्या संशयाने मैदानाचा चारा वाचू शकतो, असं त्यातून दिसलं.

रानकुत्रे आले ते सर्वांत जास्त बुशबक आणि न्याला हरणंच मारू लागले. अर्थात वॉटरबकचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही. नर वॉटरबक अडीचशे किलोच्या घरात जातो, त्याला सिंह लागतो. जो प्राणी आपण आणतो तो आपल्याला हवं तेच काम करेल असं गृहीत धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

उलट दिशेचाही एक पुरावा आहे. उद्यान ओस असताना मिमोसा पिग्रा हे लाजाळूच्या कुळातलं, मूळचं अमेरिकेतलं काटेरी झुडूप पूरमैदानावर फोफावलं होतं. असं झुडूप उपटायला जगात ठिकठिकाणी मजूर, यंत्रं आणि रसायनं लावली जातात. इथे चरणारी जनावरं वाढली तशी त्यांनीच ते खाऊन युद्धपूर्व पातळीच्या जवळ आणलं.

आणि जे भरून येणार नाही तेही नोंदलेलं आहे. युद्धाच्या काळात दातांसाठी हत्ती मारले गेले, तेव्हा जन्मतः सुळे नसलेल्या माद्या तेवढ्या वाचण्याची शक्यता जास्त होती. युद्धापूर्वी अशा माद्या साडेअठरा टक्के होत्या. वाचलेल्यांत त्या निम्म्या निघाल्या. युद्धानंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलींतही तिघींपैकी एकीला सुळे नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या संशोधनानुसार याचं कारण एक्स गुणसूत्रावर आहे आणि तोच बदल नर गर्भाला मारक ठरतो, त्यामुळे बिनसुळ्यांचे नर दिसतच नाहीत. म्हणजे बंदुकीने हत्ती कमी केलेच, वर उरलेल्यांचा वंशही बदलला. हत्ती सुळ्यांनी जमीन उकरतो, साली सोलतो, झाडं पाडतो. सुळे नसलेल्या माद्यांच्या आहारातही फरक आढळला आहे. त्याचा रानावर काय परिणाम होतो, हे कळायला हत्तींच्या आणखी पिढ्या जाव्या लागतील.

डोंगर

टिनलीचं म्हणणं २०१० मध्ये अमलात आलं. डोंगराचा ७०० मीटरच्या वरचा भाग उद्यानात घेतला गेला आणि क्षेत्र ४,००० चौरस किलोमीटरच्या थोडं वर गेलं. परिसंस्थेच्या दृष्टीने निर्णय बिनचूक. पण डोंगरावर माणसं राहत होती, शेती करत होती. त्यांच्या दृष्टीने १९६० मध्ये दरीत जे झालं तेच पन्नास वर्षांनी वर झालं: कुठेतरी कागद निघाला आणि शेत बेकायदा ठरलं. रहिवाशांशी पुरेसं बोलणं झालं नव्हतं, अशी टीका मानववंशशास्त्रज्ञांनी केली आहे आणि ती टोलवण्यासारखी नाही.

डोंगर स्थानिकांच्या लेखी पवित्र आहे. पावसाचा आणि पूर्वजांचा. सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची मंडळी तिथल्या पुजाऱ्याचा आशीर्वाद घ्यायला हेलिकॉप्टरने गेली. हेलिकॉप्टर लाल रंगाचं. लाल हा तिथे हिंसेचा रंग. पुजाऱ्याने आशीर्वाद नाकारला. हा किस्सा बरेचदा गंमत म्हणून सांगितला जातो, पण त्यात गमतीपेक्षा जास्त काही आहे: ज्या डोंगराचं पाणी वाचवायला पाहुणे आले होते, त्या डोंगराशी कसं वागायचं हे त्यांना कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर जंगल खरोखर जात होतं. वरच्या उतारावर झाडं तोडून, जाळून मका आणि इतर पिकं घेतली जात. दोन-तीन हंगामांत माती धुपली की पुढचा तुकडा. हिरव्या डोक्याचा ओरिओल पक्षी झांबेझी नदीच्या दक्षिणेला फक्त या डोंगरावर आढळतो, आणि एक चिमुकला सरडा, गोरोंगोसा पिग्मी कॅमेलिऑन, जगात दुसरीकडे कुठेच नाही. पण डोंगरावरच्या शेतकऱ्याला ओरिओलचं काय? त्याला हंगामाचं धान्य हवं.

यावर निघालेला तोडगा म्हणजे कॉफी. कॉफीला सावली चालते, किंबहुना लागते. त्यामुळे उजाड उतारावर स्थानिक झाडं लावायची, त्यांच्या सावलीत कॉफी, आणि झाडं वाढेपर्यंत मधल्या ओळींत खाण्याची पिकं. शेतकऱ्याला झाड तोडण्यापेक्षा ठेवण्यात फायदा दिसला पाहिजे, एवढाच यामागचा विचार. अडचण वेळेची. कॉफीला पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि गरीब माणसाला तेवढा उसंतीचा काळ परवडत नाही. त्यात २०१३ ते २०१६ दरम्यान रेनामो आणि सरकारी फौजांत याच डोंगराभोवती पुन्हा चकमकी झडल्या. तरी लागवड टिकली, शेकडो कुटुंबं तीत आली, आणि आता ही कॉफी गोरोंगोसाच्याच नावाने परदेशात विकली जाते. जंगल पूर्ववत झालेलं नाही, पण डोंगरावर राहून जंगलाचा फायदा होणारी माणसं आता आहेत.

हद्दीपलीकडची दोन लाख माणसं

उद्यानाभोवतीच्या संरक्षक पट्ट्यात सुमारे दोन लाख लोक राहतात. बहुतेकांचं पोट मका-ज्वारीच्या छोट्या शेतीवर. उद्यानाची किंमत ते दोन प्रकारे मोजतात: काय मिळतं आणि काय जातं.

जातं ते डोळ्यांदेखत जातं. हत्ती वाढले तसे ते दक्षिणेची पुंग्वे नदी ओलांडून शेतात येऊ लागले. कणसं भरण्याच्या दिवसांत एक कळप एका रात्रीत कुटुंबाचं वर्षाचं धान्य संपवतो. मधमाश्यांच्या पेट्या तारेला टांगून कुंपण करणं, रात्रीची राखण, गळ्यात पट्टा घातलेल्या हत्तींवर नजर ठेवून गावाला आधी कळवणं, असे उपाय चालू आहेत. हत्ती हुशार असतो, एखादी युक्ती फार काळ पुरत नाही.

मिळतं ते उशिरा आणि अप्रत्यक्ष मिळतं. मोझांबिकच्या नियमानुसार उद्यानाच्या महसुलाचा २० टक्के हिस्सा भोवतालच्या गावांना द्यायचा असतो. कागदावर उत्तम. पण पर्यटकच कमी असतील तर २० टक्के कशाचे? चकमकींच्या काळात पर्यटन जवळपास बंदच होतं. पर्यटनावर उद्यान पोसलं जातं हे वाक्य जगभर ऐकू येतं. गोरोंगोसासारख्या आडबाजूच्या, अशांत भागातल्या उद्यानाला ते लागू पडत नाही.

म्हणून मग रानात तारेचे फास लागतात. फास हरणासाठी लावलेला असतो, अडकतो सिंह. पुढचा पाय ओढून ओढून तार मांसात रुतते, कधी पंजाच तुटून जातो. लोखंडी दातेरी सापळ्यांनीही तेच होतं. काही वर्षांपूर्वी तपासलेल्या सिंहांपैकी जवळपास तिसरा हिस्सा अशा रीतीने मेला किंवा जायबंदी झाला होता. वनरक्षक फास गोळा करत राहतात, पशुवैद्य बेशुद्ध केलेल्या सिंहाच्या पायातली तार कापतात. पण फास लावणारा आणि वनरक्षक बरेचदा एकाच गावचे असतात, आणि एकाला नोकरी मिळाली, दुसऱ्याला नाही, एवढाच दोघांत फरक.

नोकऱ्या, शाळा, आरोग्य हे उद्यानाचं काम आहे का, असा आक्षेप निसर्गप्रेमींकडून येतो. गोरोंगोसाने ते आपलंच काम मानलं. फिरते दवाखाने, शेतीचे सल्लागार आणि शाळेनंतरचे मुलींचे वर्ग, असं बरंच काही उद्यानातर्फे चालतं. मोझांबिकमध्ये जवळपास निम्म्या मुलींचं लग्न अठरा वर्षांच्या आत होत आलं आहे. मुलगी दहावी-बारावीपर्यंत शाळेत राहिली तर लग्न लांबतं, मुलं कमी आणि निरोगी होतात, आणि शेतासाठी रानावर येणारा ताणही पुढे कमी होतो. याच वर्गांतल्या मुलींना उद्यानात नेलं जातं. आपल्या उंबऱ्यापासून जवळच असलेला जिवंत हत्ती त्यांच्यातल्या अनेकींनी कधी नीट पाहिलेला नसतो. पाहिलेला असतो तो शेत तुडवणारा. चितेंगोत २०१४ मध्ये एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञाच्या नावाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढे संवर्धन जीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उद्यानातच सुरू झाला, मोझांबिकच्या विद्यार्थ्यांसाठी. परदेशी संशोधक येऊन नमुने घेऊन जाणार आणि स्थानिक माणूस गाडी चालवणार, या जुन्या रिवाजाला तो एक पर्याय आहे.

पूर

१४ मार्च २०१९ च्या रात्री इदाई चक्रीवादळ बैरा शहराजवळ किनाऱ्याला धडकलं. पाठोपाठ पूर आला. मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावीत मिळून हजाराहून अधिक माणसं गेली. उद्यानाचं पूरमैदान समुद्रासारखं दिसत होतं. प्राण्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांमुळे एरवी कधी न मिळणारी माहिती हाती आली: वॉटरबकसारखी थोराड जनावरं वेळेत उंचवट्यावर सरकली, ओरिबीसारखी छोटी हरणं मोठ्या संख्येने मेली. गर्दीने वाढलेली मोठी जनावरं तगली आणि आधीच थोडी असलेली छोटी आणखी घटली.

पूरमैदानाची एक बाजू अशा वेळीच दिसते. पुंग्वेच्या खोऱ्यात जे पाणी उद्यानात पसरतं आणि थांबतं, ते तेवढ्या वेळापुरतं तरी खालच्या गावांवर जात नाही. एरवी त्याच पुंग्वेतून बैरा शहर पिण्याचं पाणी उचलतं. बैरातला सामान्य माणूस उद्यानात कधी जाणार नाही, त्याला तिकीट परवडणार नाही, तरी त्याच्या घरच्या पाण्याचा काही भाग गोरोंगोसा डोंगरावरून आलेला आहे. उद्यानाच्या जमाखर्चात हे कुठेच मांडलं जात नाही.

वादळानंतरच्या आठवड्यांत उद्यानाची हेलिकॉप्टरं, गाड्या आणि वनरक्षक मदतकार्याला लागले. तुटलेल्या गावांत अन्न पोचवणारी हीच माणसं होती, एरवी फास शोधत फिरणारी. सरकारची दुसरी कुठलीही यंत्रणा त्या भागात इतकी माणसं, वाहनं आणि वाटांची माहिती राखून नव्हती. त्याच वर्षी १ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष फिलिपे न्यूसी आणि रेनामोचे नेते ओसुफो मोमादे यांनी लष्करी संघर्ष थांबवण्याच्या करारावर गोरोंगोसातच सह्या केल्या.

पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा

यश सांगून झाल्यावर हा भाग बहुतेक अहवालांत दोन ओळींत उरकतात. एका श्रीमंत परदेशी माणसाच्या इच्छेने एका गरीब देशाचं उद्यान उभं राहिलं, हे खरं आहे. वाईट हेतू कुणी दाखवलेला नाही आणि कर्मचाऱ्यांत बहुसंख्य मोझांबिकचे, त्यातही आसपासच्या गावांतले आहेत. तरीही दोन लाख लोकांच्या शाळा-दवाखान्यांचा एक भाग ज्या संस्थेवर अवलंबून आहे, ती त्यांनी निवडून दिलेली नाही. अमेरिकी सरकारची मदतही या प्रकल्पाला बरीच वर्षं मिळत होती. २०२५ मध्ये त्या देशाने परदेशी मदतीला कात्री लावली तेव्हा अशा सगळ्याच प्रकल्पांखालची जमीन किती भुसभुशीत आहे ते दिसलं. जनावरांना वीस वर्षांत उभारी येते, पण वनरक्षकांचा पगार एक वर्ष थांबला तर काय होतं याचा दाखला १९८३ नंतरच्या काळात याच रानाने दिलेला आहे.

सध्याच्या कराराची मुदत २०४३ च्या सुमारास संपेल. कॉफीचं उत्पन्न वाढतं आहे, पण ते संपूर्ण उद्यानाचा खर्च पेलण्याइतकं नाही. पर्यटन येतं-जातं. बैरा शहराने वापरल्या पाण्यापोटी डोंगराच्या राखणीसाठी काही द्यावं, ही कल्पना मांडायला सोपी आणि गरीब शहरात वसूल करायला अवघड. माझ्या मते तरीही सर्वांत रास्त वाटा तोच आहे, कारण त्यात उद्यानाचा फायदा घेणारा आणि खर्च उचलणारा एकाच खोऱ्यातले असतील. तोवर देशाच्या अर्थसंकल्पातून निदान वनरक्षकांच्या पगाराची हमी मिळवणं हे पुढच्या दहा वर्षांतलं काम आहे, आणि ते चितेंगोत नव्हे, राजधानी मापुतोत व्हायचं आहे.